पेंटरच्या घरात विनाइल

पेंटरच्या घरात विनाइलला मज्जाव होता. फ्रिजवर साधं स्टिकर दिसलं, तरी तो नखाने खरवडून काढायचा. हट्ट म्हणा, खोड म्हणा, पण त्यामागे कारण होतं. अठ्ठावीस वर्षं त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. खडू लावलेल्या दोऱ्याने रेघ मारायची, डाव्या हातातल्या काठीवर उजवं मनगट टेकवायचं आणि श्वास रोखून अक्षर ओढायचं. बाजारातल्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या. मग मशीनवर कापलेली, नुसती चिकटवायची विनाइलची अक्षरं आली आणि चार वर्षांत त्याच्या दुकानाला कुलूप लागलं.

मशीन आल्याचा राग त्याने कधीच गिळला होता. राग होता तो बारक्यावर. बारक्या त्याचाच शागीर्द, सात वर्षं त्याचे ब्रश धुतलेला. त्याने कर्ज काढून मशीन घेतलं आणि उस्तादाच्या निम्म्या भावात पाट्या लावायला लागला. गिऱ्हाइकं पेंटरला तोंडावर सांगायची, "चार अक्षरं लिहायचे एवढे पैसे? बारक्या बघा कितीत करतो." पेंटरने भाव काही उतरवला नाही. काम गेलं, भाव राहिला. पुढची वर्षं त्याने गेट आणि खिडक्यांचे गज रंगवून काढली.

दर पाच वर्षांनी तो स्वयंपाकघराच्या कपाटांनाही ऑइलपेंटचा एक हात मारायचा. घरात आठ-दहा दिवस वास कोंडून राहायचा आणि बायको खोकत स्वयंपाक करायची. यंदा डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, या छातीला आता रंगाचा वास चालणार नाही. इकडे कपाटांचे पोपडे उडालेले, तेलकट कडा काळ्या पडलेल्या.

"नवीन कपाटं आपल्याला झेपणार नाहीत," बायको म्हणाली. "विनाइलची फिल्म लावून घेऊ."

"माझ्या घरात ते चिकटवाचिकटवीचं काम होणार नाही."

"घर तुमचं असेल. फुप्फुसं माझी आहेत."

तो आणखी काही म्हणायच्या आत तिने फोन लावला, तोही थेट बारक्याला. हे काम नीट करणारा तोच एक आहे, असं तिला तिघींनी सांगितलं होतं.

बारक्या आला. एकेकाळी शिडीच्या वरच्या पायरीवर चढवता यायचा म्हणून त्याला बारक्या म्हणायचे. आता स्वयंपाकघरात तो शिरला की बाकीच्यांना बाहेर यावं लागे. उस्तादाच्या नजरेला नजर न देता त्याने चौदा दारं आणि पाच ड्रॉवर मोजले आणि एका दाराच्या कडेवर अंगठ्याचं नख दाबलं.

"बेचाळीस हजार होतील."

"कागद चिकटवायचे बेचाळीस?" पेंटर म्हणाला, आणि हेच वाक्य आपण कोणाकोणाच्या तोंडून ऐकलंय हे आठवून स्वतःवरच चिडला.

"फिल्मचे बारा. बिजागऱ्या काढणं, धुणं, कडा वळवणं, कोपरे बसवणं, ही मजुरी तेरा."

"आणि सतरा?"

"ते तुमच्या रंगाचे, उस्ताद. सात थर आहेत. ते काढल्याशिवाय फिल्म लावली तर दोन महिन्यांत रंगासकट सोलून येईल."

"माझा रंग सोलून येत नाही."

"सगळाच येत नाही ना. म्हणून तर काढायचे सतरा हजार."

बायकोने पदर तोंडावर धरला. ती खोकत होती की हसत होती, ते पेंटरने विचारलं नाही. "माझा रंग दुसरं कोणी खरवडणार नाही," तो म्हणाला. "मी काढतो."

एकेक दार खांद्यावर घेऊन त्याने गच्चीवर नेलं, म्हणजे धूळ घरात यायला नको. अकरा दिवस तो घासत होता. पिस्ता रंगाखालून निळा निघाला, निळ्याखालून पिवळट. सगळ्यात खालचा लाल निघाला तेव्हा तो जरा थांबला. स्वतःच्या दुकानाच्या पहिल्या पाटीतून उरलेला डबा होता तो. त्याला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून त्याने आणखी जोर लावला. शेवटी जाड पॉलिशपेपर घेऊन त्याने सगळी दारं एकसारखी खरखरीत केली, उत्तम पेंटर करतो तशी. आता बारक्याला काय बोलायचंय ते बोलू दे.

बारक्याने दारावरून तळहात फिरवला आणि ते उजेडात तिरपं धरलं.

"उस्ताद, रंगाला पकड लागते म्हणून आपण ओरखडे काढतो. फिल्मखाली ते सगळे दिसतात. तिला काचेसारखं गुळगुळीत लागतं."

अठ्ठावीस वर्षांचा हात, आणि त्या हातानेच घात केला. पेंटर पायरीवर बसला.

"राहू द्या," बारक्या म्हणाला. "दोन दिवस ओरखड्यांत लांबी भरून मी घासतो. पंचवीसच द्या. तुमच्याकडून काय जास्त घ्यायचं."

"दोन दिवसांचे किती होतात?"

"तसे सहा-सात."

"सहा-सात हा भाव नसतो. एक सांग."

"सात."

"मग बत्तीस झाले. बत्तीस घेशील."

"जुनं मनात ठेवू नका, उस्ताद. तेव्हा डोक्यावर कर्ज होतं."

"कर्जाचं मला माहीत होतं. मशीन घेतलंस, त्याचंही काही नाही. मी तुझ्या वयाचा असतो तर मीही घेतलं असतं. पण तू भाव निम्म्यावर आणलास, आणि बाजाराला कळलं की हाताचं काम हवं तेवढं दाबून मागता येतं. आता तुला म्हणतात की नाही, कागद चिकटवायचे एवढे पैसे?"

"रोज म्हणतात."

"मग काय करतोस?"

"कमी करतो," बारक्या खाली बघत म्हणाला.

"माझ्या घरात नाही करायचं."

सहाव्या दिवशी दारं बसली. पेंटरने प्रत्येक कडेवरून अंगठा फिरवला. नवव्या दाराच्या कोपऱ्यात मुगाएवढा फुगा सापडला, तो त्याने पुन्हा काढायला लावला. बारक्याने हीट गन चालू केली आणि निमूटपणे कोपरा पुन्हा बसवला. बायको ओट्याशी उभी राहून नुसती श्वास घेत होती.

शेजारीण बघायला आली. दार उघडून, मिटून झालं. "छान दिसतंय हो. केवढ्याला पडलं?"

"बेचाळीस हजार," पेंटर म्हणाला.

बारक्याने चमकून वर पाहिलं. "उस्ताद, बत्तीस."

"बत्तीस तुझे. रंग काढायचे सतरा तूच लावले होतेस. त्यातलं सातांचं काम तू केलंस, दहांचं मी. माझं काम काय फुकटात धरायचं?"

"बाई गं," शेजारीण म्हणाली, "कागद चिकटवायचे बेचाळीस?" मग बारक्याकडे वळली. "आमच्याकडचंही करायचंय. पण तुम्ही आमच्यासाठी जरा कमी कराल ना?"

बारक्याचं तोंड सवयीने उघडलं होतं. त्याने एकदा उस्तादाकडे पाहिलं. उस्ताद नवव्या दाराचा कोपरा तपासत होता.

"मोजून सांगतो, वहिनी," बारक्या म्हणाला. "पण जो भाव सांगेन, त्यातून कमी होणार नाही."