वाचलेली अर्धी बादली

मंडळी, हातातला कप आधी खाली ठेवा. हा किस्सा ऐकताना एका पाहुण्यानं माझ्या नव्या सतरंजीवर सगळा चहा सांडला होता. बरं, तो हसत होता कुणावर? माझ्यावरच! आणि सतरंजी कुणाची खराब झाली? तीही माझीच! त्यामुळे आता आधी बजावून ठेवतो.

तर ही गोष्ट मी मोडनिंबला तेलाचं आणि किराण्याचं दुकान चालवत होतो तेव्हाची. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं गल्ल्यावर बसून शिकलो. तागडी, कानडी, गिऱ्हाईक, इन्कम टॅक्स, सगळं! त्यामुळे झालं असं, की जगात आपल्याला येत नाही असं काही असतं हेच मी विसरलो. अशा माणसानं मोटार घ्यायची नसते. मी घेतली.

सोलापूरच्या एका डॉक्टरांची जुनी गाडी होती. त्यांनी चौदा वर्षं वापरलेली. मी मात्र ती रोज दुकानासमोर अशी पुसायचो, की काल कारखान्यातून आली.

आता आमच्या मंडळींचं सांगतो, कारण खरी गोष्ट त्यांची आहे. बायकोचं नाव महादेवी. सातवीत असताना लग्न झालं. दोन पोरं शाळेत जायला लागल्यावर तिनं घरी बसून मॅट्रिकचा अभ्यास धरला. मराठी सुटलं, गणित सुटलं, इंग्रजीसुद्धा सुटलं. विज्ञानानं मात्र दोनदा पाडलं. गावात बालवाडी निघणार होती, बाई मॅट्रिक पास पाहिजे होती. ही तिसरी खेप. "यंदा नाही झालं तर पुस्तकं बांधून माळ्यावर," असं ती माझ्या आईसमोर बोलून बसली होती. आणि ती बोलली की बोलली!

पेपर सोलापूरला, अकरा वाजता.

पेपरच्या आदल्या दिवशी गाडीचा पाण्याचा रबरी पाईप चिरला. शहाणा माणूस काय करेल? मेकॅनिककडे जाईल. मी म्हटलं, दोन पट्ट्या सोडायच्या, पाईप बदलायचा, पाणी भरायचं. यात काय अवघड आहे? जुनं तांबूस पाणी खालनं सोडलं. दोन बादल्या भरल्या. नवा पाईप बसवला, वरनं नवं पाणी ओतलं. दीड बादलीतच गळ्यापर्यंत आलं!

महादेवी दारात पुस्तक घेऊन उभी होती. म्हणाली, "अहो, दोन निघालं आणि दीडच गेलं?"

"मग? अर्धी बादली वाचली की!"

हसू नका. ते वर्ष तसलंच होतं. पाऊस दोनदा हुकलेला, आडाला तळ लागलेला. अर्धी बादली वाचली याचा मला असा आनंद झाला की विचारू नका. छटाकभर तेल कमी मोजलं असं गिऱ्हाईक म्हणालं तर मी तागडी पुन्हा लावणारा माणूस. अर्ध्या बादलीची तूट डोळ्यांपुढं होती आणि मी तिला बचत म्हणत होतो!

सकाळी ती म्हणाली, "साडेसातच्या एस्टीनं जाते मी."

"घरात मोटार असताना? लोक काय म्हणतील?"

"लोक पेपर लिहिणार आहेत का माझा?"

पण मी ऐकलं नाही. आठ वाजता निघालो. मी पांढरंशुभ्र धोतर, कडक इस्त्रीचा सदरा. ती मागच्या सीटवर पुस्तक उघडून, ओठांतल्या ओठांत पुटपुटत.

मोहोळ मागं पडलं आणि समोरचा काटा चढायला लागला. आधी मला वाटलं काटाच खराब आहे. मग बॉनेटमधून वाफ यायला लागली. वाफ कशी खराब असेल? गाडी बाजूला घेतली.

तेवढ्यात मागनं एस्टी आली. कंडक्टर ओळखीचा, आमच्याच दुकानातनं तेल न्यायचा. त्यानं घंटी मारून गाडी थांबवली.

"अण्णा, बंद पडली व्हय? वैनींना तरी बसवा की! जागा हाय."

महादेवीनं पुस्तक मिटलंसुद्धा. एक पाय खाली टाकला.

आणि मी, देवानं मला दिलेल्या या तोंडानं, काय म्हणालो? "जा रे तू! जरा पाणी पाजतो गाडीला. तुझ्या आधी सोलापुरात पोचतो की नाही बघ!"

एस्टी गेली. महादेवीनं माझ्याकडं पाहिलं. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, पण ती नजर नवी होती.

मग मी रुमाल गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवलं. फिरवलं म्हणजे काय, अर्धं फिरवलं, बाकीचं त्यानं स्वतःच केलं! आतल्या गंजानं तांबडं झालेलं उकळतं पाणी पुरुषभर उडालं. मी मागं उडी मारली म्हणून चेहरा वाचला, पण सदरा आणि धोतर असं रंगलं, की मी रंगपंचमीला निघालोय असंच कुणालाही वाटावं.

शेजारच्या वस्तीवर गेलो. अंगणात एक म्हातारी बसलेली. पाणी मागताना, खरं सांगतो, जीभ उचलेना. त्या साली माणसासाठी पाणी मागायची चोरी, आणि मी मोटारीसाठी मागत होतो! पण तिनं माझं धोतर बघितलं, भरलेली कळशी उचलून दिली आणि म्हणाली, "न्ह्या. गाडी बी तानलीच असंल की."

इंजिन निवायला अर्धा तास गेला. मग कळशी ओतायला लागलो. पाव कळशी गेली नाही तोच पाणी वर आलं, बुड्‌बुड् झालं आणि बाहेर सांडलं. पुन्हा ओतलं, पुन्हा सांडलं. म्हातारीचं पाणी डोळ्यांदेखत धुळीत जात होतं.

मागनं आवाज आला. "अहो, आत हवा अडकली असेल."

"तू अभ्यास कर."

"अभ्यासच सांगतेय. हवा जागा व्यापते. हवा निघाल्याशिवाय पाणी आत जाणार कसं?"

"अगं, जन्म गेला माझा डबे भरण्यात! भांडं भरलं की नाही हे तेलवाल्याला पुस्तकातून सांगतेस? भरलंय ते!"

झाकण लावलं, निघालो. दोन मैल. काटा वर, वाफ वर, आणि आता माझा जीवही वर! दहा वाजले होते. महादेवीनं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं होतं आणि त्यावर दोन्ही हात. ते हात बघितले आणि माझा सगळा रुबाब उतरला. रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो आणि येईल त्याला हात केला.

एक ट्रक थांबला. हुसेनभाई नावाचे सोलापूरचे ड्रायव्हर. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. माझ्या कपड्यांकडं पाहून म्हणाले, "क्या सेठ, गाडी धुतली का गाडीनं तुमाला धुतलं?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी पाईप दाबून पाहिला.

"पाणी बदली केलं तवा हवा कुठनं काडली?"

"हवा? पाणी काढलं. हवा कशाला काढायची?"

"धंदा क्या तुमारा?"

"तेलाचा."

"अच्छा! मग डबा फोडताना भोकं किती पाडता?"

"दोन."

"कायको? तेल तर एकातनं येतं ना?"

"एकच पाडलं तर तेल गुचक्या देत, अडत-अडत येतं हो. दुसऱ्यातनं हवा..."

आणि मी थांबलो. वीस वर्षं रोज सकाळी दाभण घेऊन डब्याला दोन भोकं पाडणारा मी! मागच्या सीटवर मिटलेलं पुस्तक.

"दस मिनिट ठंडी होऊ दे," हुसेनभाई म्हणाले. मग त्यांनी शेताकडं चढणाऱ्या गाडीवाटेवर मोटारीचं तोंड वर करायला लावलं. "हवा वरच्या अंगाला पळती." चाकाखाली धोंडे लावले. इंजिनाच्या माथ्यावर एक छोटा नट होता, तो पान्यानं सैल केला. गाडी चालू ठेवली. मला त्यांच्या ट्रकमधला पाण्याचा डबा दिला आणि म्हणाले, "सावकाश. धार तोडू नको."

मी ओततोय, ते पाईप दाबताहेत, सोडताहेत. नटातनं फुस्स! फुस्स! मग गाडीच्या पोटातनं असा ढेकर आला, की गाडीवाटेवरची शेळी पळाली. आणि पाणी? पाणी सरसर खाली जायला लागलं! ओतावं तेवढं आत. शेवटी नटातनं फेस थांबून सरळ पाणी आलं, तेव्हा त्यांनी तो आवळला. रिकाम्या डब्याकडं पाहत महादेवी एवढंच म्हणाली, "अर्धी बादली."

मी हुसेनभाईंच्या पायाला हात लावायला गेलो. त्यांनी मला दंडाला धरून उभं केलं. "नाटक नको सेठ. पेपर हाय ना वैनींचा? भगाव!"

काटा मधोमध असा शांत बसला, की जणू काही झालंच नाही. अकरा वाजून पंधरा मिनिटांनी आम्ही शाळेच्या फाटकावर. शिपाई दार लावत होता. महादेवी पदर खोचून पळाली. संसारात तिला मी पळताना पहिल्यांदा पाहिलं. अर्ध्या तासापर्यंत आत घेत होते म्हणून घेतलं.

पास झाली हो! नाहीतर हा किस्सा इतक्या हौसेनं सांगितला असता का? पुढं बालवाडीत ती पोरांना शिकवायला जायची, तेव्हा दुकानात बसून मला दर वेळी त्या म्हातारीची आठवण यायची, त्या पांढऱ्या दाढीची आठवण यायची. त्या दोघांनी माझी लाज राखली. नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं. महादेवी तर मला पुढं एका शब्दानंही टाकून बोलली नाही. तिनं ते दुसऱ्या वाटेनं केलं.

त्याच दिवशी, पेपर सुटल्यावर, मी तांबड्या धोतरात फाटकाबाहेर उभा. भीतभीत विचारलं, "कसा गेला?"

"छान. एक प्रश्न तर आपलाच होता. 'हवा जागा व्यापते, हे रोजच्या जीवनातलं उदाहरण देऊन आकृतीसह लिहा.'"

"मग? गाडीचं लिहिलंस?"

"सगळं लिहिलं. आकृतीसुद्धा काढली. पाण्याची टाकी, पाईप, अडकलेला बुडबुडा, वरचा नट, हुसेनभाईंचा पाना. नावं देऊन, बाण दाखवून."

मला जरा बरं वाटलं. म्हटलं, "आणि मी? मला कुठं दाखवलंस?"

"तुम्हाला कसं दाखवणार?" ती गाडीचं दार उघडत म्हणाली. "आकृतीत प्रयोगाला लागतं तेवढंच काढायचं असतं."