पाच मिनिटांत नष्ट होणारा कॉम्प्युटर

किस्से जमवावे लागत नाहीत. केळीच्या बुंध्याशी पिलं फुटतात, तसे एकाला लागून दुसरे फुटतात. जळगावातल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात कॉम्प्युटर एकच, पण त्याचे किस्से विचारू नका. मी रसायनशास्त्रात पीएचडी केलेला निवृत्त प्राध्यापक. त्यातले बहुतेक घोळ माझेच आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

त्या कॉम्प्युटरवर अक्कांची गाणी आहेत. अक्का म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. शिंदखेड्याकडच्या गावागावांतल्या म्हाताऱ्यांसमोर बसून त्यांनी चारशे अहिराणी लग्नगीतं उतरवली, एका बोटानं टाइप केली. वह्या वाळवीनं खाल्ल्या. म्हाताऱ्याही आता फारशा उरल्या नाहीत. पेनड्राइव्हवर प्रत काढायचं दर सोमवारी ठरतं.

* * *

पहिल्यांदा लाल पडदा आला तेव्हा भोंगा वाजायला लागला. ‘व्हायरस सापडला आहे. कॉम्प्युटर बंद करू नका.’

मी ते चार वेळा वाचलं आणि बंद केला नाही. कोणाला करूही दिला नाही. दोन दिवस आम्ही पाळीपाळीनं भोंगा ऐकत बसलो. तिसऱ्या दिवशी लाइट गेली. परत आली, कॉम्प्युटर सुरू केला, तर लाल पडदा नाही आणि गाणी जागच्या जागी.

अक्का म्हणाल्या, “सर, लाइटला तुमच्यापेक्षा जास्त कळतं.”

* * *

पुढच्या वेळी पडद्यावर घड्याळ होतं. ‘पाच मिनिटांत सर्व फाइल्स नष्ट होतील.’ अक्कांनी डोळे मिटून घेतले. शेजारी नाना शांतपणे शेंगा सोलत होते. नाना बसस्टँडवर कंट्रोलर होते.

घड्याळ शून्यावर आलं. काही झालं नाही. मग ते पुन्हा पाच मिनिटांपासून सुरू झालं.

“खोटं शे,” नाना अहिराणीत म्हणाले.

“कशावरून?” मी विचारलं.

“यावलची गाडी पाच मिनिटांत येतेय, हे मी आयुष्यभर असंच सांगितलंय.”

* * *

मग कोपऱ्यात चौकटी यायला लागल्या. दर दहा मिनिटांनी एक, प्रत्येकीत नवा व्हायरस. अक्कांनी सेटिंगमध्ये शोधलं. कुठल्याशा साइटला मीच ‘अलाऊ’ केलं होतं.

“सर, परवानगी का दिलीत?”

“तो विचारत होता. नाही म्हणणं बरं दिसेना.”

अक्कांनी ती परवानगी काढली, चौकटी थांबल्या. मग त्यांनी मला समोर बसवून पाठ करायला लावलं: पडद्यावर काही दाबायचं नाही, दिलेल्या नंबरला फोन करायचा नाही, ऑल्ट आणि एफ-फोर दाबून ब्राउझर बंद करायचा. मी तीनदा म्हणून दाखवलं. त्यांनी पास केलं.

* * *

आणि तरीही मी फोन केला.

दुपारची वेळ. अक्का जेवायला गेलेल्या, गाण्यांची फाइल उघडीच. अचानक लाल पडदा, भोंगा, नंबर. पाठ केलेलं सगळं डोक्यातून गेलं. पलीकडचा माणूस रुबाबदार हिंदीत म्हणाला, तो दिल्लीहून कंपनीचा इंजिनिअर बोलतोय. “सर, घबराइए मत. ऐप डाउनलोड कीजिए और नंबर पढ़कर बताइए.” मी ॲप घेतलं. नऊ आकडे आले; ते सगळे सांगितले की कॉम्प्युटर त्याच्या ताब्यात. सहा वाचूनही झाले.

तेवढ्यात पेपर वाचत बसलेल्या आबांनी हात पुढे केला. आबा म्हणजे निवृत्त तलाठी. मी घाबरून फोन त्यांच्या हातात दिला.

“पूर्ण नाव सांगा,” आबा म्हणाले. तो आवाज ऐकून मीसुद्धा ताठ बसलो. “आडनाव आधी.”

त्यानं नाव सांगितलं.

“वडिलांचं?”

तेही सांगितलं.

“राहणार?”

“नरडाणा.” म्हणजे दिल्ली नव्हे, आपल्या शिंदखेड्याजवळचं.

मी ऑल्ट आणि एफ-फोर दाबलं. लाल पडदा गेला. मागे अक्कांची फाइल, हळदीच्या गाण्यावर उघडी, जशीच्या तशी. मग ॲपही काढून टाकलं.

आबांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. “शेत कोणाच्या नावावर?”

“आजोबाना नाववर शे, भाऊसाहेब,” पलीकडून बारीक आवाज आला. “वारस लावानं राही गयं. व्हई का ते?”

आबांनी खुर्ची पुढे ओढली. खिशातून पेन काढलं.

“वारस किती?”