सतरा नंबरचा पाना

सूर्यभान गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला बँकेच्या रांगेत हयातीचा दाखला द्यायला उभा होतो. आपण जिवंत आहोत असं लिहून द्यायचं आणि त्याच वेळी कानावर हे... मी रांग सोडली नाही, हे कबूल करतो. सही करूनच बाहेर पडलो आणि निलंग्याच्या एसटीत बसल्यावर आठवलं, की सही भलत्याच जागी केली. पण त्याहून मोठा गोंधळ तीन आठवड्यांनी व्हायचा होता. तो अजून सुटलेला नाही, म्हणून तर हे लिहायला बसलोय.

आम्ही दोघं निलंग्याच्या शाळेत एका बाकावरचे. दुष्काळ पडला त्या साली दोघंही खडी फोडायच्या कामावर जायचो. सकाळी हातोडे मिळायचे, संध्याकाळी मोजून परत घ्यायचे, आणि एक जरी कमी भरला तरी सगळी टोळी अडकून पडायची. एकदा माझाच हातोडा हरवला. लोक मला शिव्या घालत बसले आणि सूर्यभाननं एकट्यानं खडीचा ढीग उपसून तो शोधून दिला. मला एका शब्दानं बोलला नाही. पुढं तो हवाई दलात फिटर म्हणून लागला, विमानांच्या दुरुस्तीला. मी कारकून झालो आणि लातूरचा वेगळा जिल्हा झाला तेव्हा तिथल्या एका कचेरीत चिकटलो.

त्याच सुमारास तो सुटीवर आला, पण गप्प गप्प. आपल्याकडून एका मित्रदेशाला चार जुनी मालवाहू विमानं भेट गेली होती. भाग सुटे करून बोटीनं पाठवलेली ती विमानं तिकडे जोडून द्यायला जी तुकडी गेली, तिच्यात हा होता. मी आपला शहाणपणानं म्हणालो, भेटच द्यायची तर त्यात काय एवढं, चावी हातात ठेवायची आणि नमस्कार करायचा. आम्हालाही तेव्हा जुन्या जिल्ह्याकडून एक जीप आली होती, त्याचा मला भारी अभिमान. त्यानं विचारलं, "तुझी जीप चालू हाय का?" नव्हती. जीप आली होती, पण कागद यायचे होते, जॅक यायचा होता आणि ती कुठं धक्का दिल्यावर चालू होते हे ज्या ड्रायव्हरला ठाऊक, तो तिकडेच राहिला होता. "मग इमानाचं काय होत आसंल, बघ," तो म्हणाला.

मग तो सांगत गेला. मूळ बनवणाऱ्या देशाची परवानगी येईपर्यंत उभ्या उभ्या टायर बसून गेले. गुप्त यंत्रं काढून घेतली तर तिथं भोकं राहिली आणि विमानाचा तोल बदलला. नट इंचाचे, तिकडची हत्यारं मिलिमीटरची. दुरुस्तीची पुस्तकं इंग्रजीत, त्यात वर्षानुवर्षं चिकटवलेल्या दुरुस्तीच्या चिठ्ठ्या, आणि तिकडच्या फिटरांना इंग्रजी जेमतेम. हा बिचारा फरशीवर खडूनं चित्रं काढून शिकवायचा. सुटे भाग आता कुठंच बनत नव्हते. तिघांना जगवायचं तर हळूहळू चौथं, त्याचे भाग काढून काढून, खावं लागणार, हे दोन्हीकडच्यांना कळत होतं, बोलत मात्र कुणी नव्हतं. आणि त्यांना ती विमानं हवी होती कशाला, तर पुरानं तुटलेल्या बेटांवर धान्य आणि औषधं पोचवायला.

जाताना त्यानं हत्यारांची फळीही देऊन टाकली होती. त्या फळीवर प्रत्येक पान्याचा आकार रंगानं रेखलेला असतो. काम संपलं की पाना आपल्या आकारावर टांगायचा. एखादा आकार रिकामा दिसला, की पाना विमानाच्या पोटात राहिला असेल असं धरून चालायचं, आणि तो सापडेपर्यंत एकही विमान उडवायचं नाही. हे सगळं सांगून झाल्यावर, उठता उठता, तो हळूच म्हणाला, "चौथ्या इमानाच्या पंखाच्या मुळाशी एक रेघ हाय. तडा हाय का रंगाचा ओरखडा, भिंग लावून बगितलं, कळंना. तिथल्या म्हाताऱ्या फिटरलाबी दावली, त्यालाबी कळंना. उडाया ठीक हाय म्हणून सही केली म्या." मी म्हणालो, मग ठीकच असेल. दुसरं काय म्हणणार?

तो परत कामावर गेला आणि दोनेक महिन्यांनी त्या म्हाताऱ्या फिटरचं पत्र घरच्या पत्त्यावर आलं. सूर्यभानची बायको, आमच्या शांतावहिनी, ते वाचून घ्यायला माझ्याकडे लातूरला आल्या. मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं, की फळीवर सतरा नंबरची जागा रिकामी आहे. पुढचा पंखा आवळायचा पाना तो. चारही विमानांची पोटं उघडून पाहिली, नाही सापडला. चारही उभी आहेत. भाई, चुकून तुमच्याबरोबर तर आला नाही ना? मी ते पत्र सूर्यभानला पाठवलं. त्याचं उत्तर एका ओळीचं आलं, "मी मोजून दिलं होतं." मी विश्वास ठेवला. खडीचा ढीग उपसणारा माणूस, त्याच्यावर नाही तर कुणावर ठेवायचा? पुढं ती विमानं उडाली का, हे मी त्याला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो पावसापाण्याचं बोलू लागला.

निवृत्त होऊन तो निलंग्याला आला तेव्हा त्यानं स्वयंपाकघराची भिंत त्या फळीसारखीच रंगवून घेतली. झारा, पळी, उलथणं, सांडशी, प्रत्येकाचा निळा आकार. जेवण झालं, भांडी टांगली, की हा भिंतीकडे डावीकडून उजवीकडे बघायचा आणि म्हणायचा, "एक कमी." सगळं जागेवर असलं तरी रोज तेच. आम्ही त्याची थट्टा करायचो. कडेला एक लांबट आकार कायम रिकामा असायचा. वहिनींना वाटायचं, सांडशीचा आकार काढताना चुकला असेल.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी पेन्शनचे कागद शोधायला वहिनींनी मला बोलावलं. ट्रंकेच्या तळाशी लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेला पाना निघाला. दांड्यावर पांढऱ्या रंगात सतरा. तेल अजून ओलं होतं.

"म्हैन्याला त्येल लावायचे त्याला," वहिनी म्हणाल्या. "मी इचारलं, तर म्हणले, गंज नगं चढाया. म्या पुन्ना न्हाई इचारलं, भावजी."

तेव्हापासून मला काही सुचत नाही. पाना कामाच्या कपड्यांच्या खिशात चुकून आला असेल आणि सापडल्यावर लाजेनं परत पाठवला नसेल? की ती रेघ पाहून त्यानं मुद्दामच खिशात घातला, म्हणजे चारही जमिनीवर राहतील? तसं असेल तर त्यानं कुणाकुणाचे जीव वाचवले. आणि ती रेघ नुसता ओरखडा असेल तर बेटांवर औषधाची वाट बघणाऱ्यांचं काय झालं? मला त्याचा राग येतो, आणि राग आला की तो खडीचा ढीग आठवतो. तो जिवंत असता तर मी भांडलो असतो. कदाचित तो पुन्हा पावसाचंच बोलला असता...

शेवटी वहिनींनी खिळा आणि हातोडी आणून दिली. मी कडेच्या आकारावर खिळा ठोकला आणि पाना टांगला. कुठंही रेघेबाहेर गेला नाही. भिंतीवर आता एकही जागा रिकामी नव्हती. वहिनी पदरानं हात पुसत जरा मागं सरकल्या, डावीकडून उजवीकडे सगळी भिंत पाहिली आणि त्याच्याच सवयीनं म्हणाल्या, "एक कमी."