बारा मिनिटांचा फोन

हे माझ्या बायकोला माहीत नाही. कारखान्यातही कुणाला नाही. तुम्हाला सांगतोय — कदाचित तुम्ही साहेबांना ओळखत नाही आणि शोभाताईंनाही, म्हणून.

मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात मालकांचा सहायक आहे. एकोणीस वर्षं झाली. साहेब पुण्याला राहतात, महिन्यातून दोनदा इथं येतात. बाकीचे दिवस कारखाना त्यांना माझ्या तोंडून कळतो. रोज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी फोन लावतो. त्याआधी वहीच्या एका पानावर मुद्दे लिहून काढतो — काल किती माल गेला, कुठलं मशीन बंद आहे, कोण गैरहजर, कुणाचं काय म्हणणं. मुद्दा सांगून झाला की त्याच्यापुढे बरोबरची खूण. खूण नसलेला मुद्दा दुसऱ्या दिवशी पहिल्या ओळीत. ही शिस्त माझी मीच लावून घेतली. असा माणूस खोटं बोलेल का? मलाही वाटायचं, नाही बोलणार.

एका खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाल्यावर साहेब सगळ्या खातेप्रमुखांसमोर म्हणाले, "जाधवांकडून शिका. बारा मिनिटांत अख्खा कारखाना सांगतात." साधं कौतुक होतं, पण मी ते फार मनावर घेतलं. त्या दिवसापासून पानाच्या कोपऱ्यात फोन किती मिनिटं चालला तेही लिहू लागलो. अकरा. बारा. साडेदहा. तेरा झाली की दिवसभर चुटपुट लागायची. कुणी विचारत होतं का? कुणीच नाही.

शोभाताई करमाडच्या. पावडर कोटिंगच्या खात्यात सहा वर्षं काम करत होत्या. तिथं लोखंडी भागांवर रंगाची कोरडी पावडर फवारतात आणि मग ते भट्टीत घालतात. शोभाताई भाग हुकांना अडकवायच्या. तोंडाला फडकं बांधलं तरी पावडर आत जातेच. त्यांना खोकला लागला, तो जाईना. जिना चढताना धाप लागायला लागली. करमाडच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली की हे काम बदला. पॅकिंगला बदली मिळाली असती तर प्रश्न संपत होता. पण खातं बदलायला साहेबांची परवानगी लागते — आधी सुपरवायझर आपल्या माणसांना सोयीची कामं देत, म्हणून साहेबांनीच तो नियम केलेला.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्या टेबलापाशी आल्या. चिठ्ठी हातात होती.

"भाऊ, साहेबांच्या कानावर घाला की माझं. लई त्रास व्हतोय."

मी म्हणालो, उद्याच घालतो. आणि दुसऱ्या दिवशी पानावर लिहिलंही — शोभाताई, पॅकिंग, सातवा मुद्दा. सहावा मुद्दा संपला तेव्हा घड्याळात अकरा मिनिटं झाली होती.

आता नीट सांगतो. साहेब असला मुद्दा उडवून लावणारे नव्हते. उलट. ते विचारणार — कधीपासून? अजून कुणाला आहे? तिथला धूळ खेचणारा पंखा चालू आहे का? चिठ्ठी वाचून दाखवा. असल्या मुद्द्याला आठ-दहा मिनिटं कुठंच गेली नाहीत. हे मला पक्कं माहीत होतं — आणि म्हणूनच मी म्हणालो, "बाकी सगळं ठीक आहे सर." फोन ठेवला. आणि सातव्या मुद्द्यापुढे खूण केली.

खूण का केली? तेव्हा स्वतःला सांगितलं की उद्या सांगूच. पण मग खुणेची जागा रिकामी ठेवायची होती ना.

चार दिवसांनी शोभाताईंनी विचारलं, "भाऊ, बोल्लात का?"

"बोललो," मी म्हणालो. "साहेब म्हणाले, दिवाळीनंतर बघू."

साहेब असं काही म्हणाले नव्हते. ते वाक्य मी तिथंच, चहा पिता पिता तयार केलं. दिवाळी झाल्यावर दुसरं तयार केलं — पॅकिंगला सध्या जागा नाही म्हणाले. त्या विचारायच्या, मी दुसऱ्या दिवशी पानावर त्यांचं नाव लिहायचो, सांगायचो नाही आणि खूण करायचो. एका रविवारी दार लावून मोजलं — सतरा पानं. सतरा खुणा. एकदाही त्या माझ्यावर चिडल्या नाहीत. एकदा डब्यातली शेंगदाण्याची चटणी कागदात बांधून आणली. "तुमी तरी किती येळा सांगावं," म्हणाल्या. चटणी मी घरी नेली. सगळ्यांनी खाल्ली.

फेब्रुवारीत त्यांनी काम सोडलं. पोरगी तेव्हा बारावीला होती आणि घरात पगार त्यांचा एकटीचा. जाताना वाकून चाललेल्या, कठड्याला धरून. त्या सकाळी साहेबांना सांगितलं — कोटिंगमधली एक बाई सोडून गेली. कारण? मी म्हणालो, "घरगुती." तो फोन दहा मिनिटांत संपला.

मे महिन्यात साहेब आले असताना त्याच खात्यातला एक माणूस सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. तोच खोकला, तीच मागणी. साहेबांनी त्याच दुपारी त्याला पॅकिंगला घेतलं. आठवड्याच्या आत खात्यात नवीन पंखे बसले. मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "जाधव, हे मला तुमच्याकडून का नाही कळलं?"

माझ्या खिशात वही होती. मी म्हणालो, "सर, मलाही आजच कळलं."

म्हणजे सांगितलं असतं तर काम झालं असतं. झालंच असतं. मी साहेबांना घाबरत होतो, असं म्हणण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवलेला नाही. मला फक्त माझा फोन आखूड ठेवायचा होता.

दीड वर्षापूर्वी गुलमंडीत चादरी घ्यायला गेलो होतो. दुकानात मागून हाक आली, "जाधवभाऊ!" शोभाताई. वाळलेल्या, पण हसतमुख. आता घरी फॉल-पिकोचं काम करतात, असं म्हणाल्या. खोकला आहेच, बोलताना मध्येच थांबत होत्या. सोबत पोरगी होती. नर्सिंगला जायचं होतं तिला, पण दोन वर्षं मोबाइलच्या दुकानात उभी राहिली आणि मग प्रवेश घेतला. हे शोभाताईंनी तक्रार म्हणून नाही सांगितलं, नुसतं सांगितलं.

मग पोरीला म्हणाल्या, "ह्ये जाधवभाऊ. माझ्यासाठी साहेबाशी रोज बोलायचे बघ. त्या साहेबालाच दया नाय, ह्यांनी काय करावं? पाया पड."

दुकानात गर्दी नव्हती. दुकानदार आत चादर काढायला गेला होता. मला बोलता आलं असतं.

पोरगी वाकली. मी पाय मागं घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "चांगली शिक."

शोभाताई अजून साहेबांनाच दोष देतात. साहेबांना त्यांचं नावही माहीत नाही. करमाड आमच्या कारखान्यापासून पुढं जेमतेम सात-आठ किलोमीटर आहे. मी अजून गेलेलो नाही.