उणे छत्तीस वर्षांची नवरी

घोटभर चहा पोटात गेल्याशिवाय हे सांगायला माझं तोंडच उघडत नाही. हसायचं तर खुशाल हसा, परवानगी आहे. पण अशी घोडचूक माणसाकडून होते कशी, असं विचारू नका. ते मलाही अजून कळलेलं नाही.

मी कोण, तर जव्हारचा कॉम्प्युटर मास्तर. बाजाराच्या मागे दोन खोल्यांत क्लास चालवतो. पण त्याआधी मी अंधेरीला सॉफ्टवेअर कंपनीत होतो, आणि तोही कधी? नव्व्याण्णव साली! शतक बदलायचं होतं तेव्हा! तुमच्यातल्या तरुण मंडळींना माहीत नसेल म्हणून सांगतो. त्या काळी कॉम्प्युटरमध्ये साल दोनच आकड्यांत लिहायचे. अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, आणि मग? शून्य शून्य! आता हे शून्य शून्य म्हणजे दोन हजार की एकोणीसशे, हे त्या डब्याला कसं कळावं? जगभर बोंब उठली होती. विमानं पडणार, बँका बुडणार, लिफ्ट मधेच अडकणार!

आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर होतं शाळांसाठी. मुलांची नावं, जन्मतारखा, दाखले. ते नव्या शतकात सुखरूप न्यायचं काम माझ्याकडे आलं. सगळीकडे चार आकडी साल करायचं तर सहा महिने हवेत, आणि हातात सहा आठवडे. मी शक्कल लढवली. सत्तर ते नव्व्याण्णव दिसलं तर एकोणीसशे धर, सत्तरच्या खालचं काहीही दिसलं तर दोन हजार धर. झालं काम! शाळेत जाणारं पोर सत्तरच्या आधी कशाला जन्मलेलं असेल? साहेबांनी पाठ थोपटली. एक जानेवारीला एकाही शाळेची तक्रार आली नाही. आणि मी त्या दिवसापासून जो फुगलो, तो फुगलोच.

माझी बायको सुनंदा म्हणते, "तुम्ही शतक ओलांडलंत खरं, पण त्यानंतर एक पाऊल पुढे टाकलं नाहीत." तिचं जाऊ द्या.

तर यंदा उन्हाळ्यात खोडाळ्याला सामुदायिक विवाह ठरला. बाहेरच्या लोकांना सांगतो, आमच्याकडे पाड्यांवर कितीतरी जोडपी बिनलग्नाची संसार करतात. त्यात लपवाछपवी काही नसते. गावजेवण घालणं जमत नाही, म्हणून हळद राहून जाते, एवढंच. पोरं होतात, मोठी होतात. मग पोरांची लग्नं निघाली की गाडी अडते, कारण आईबापाचं लग्न लागल्याशिवाय लेकराला हळद लावत नाहीत. म्हणून एकाच मांडवात सकाळी आईबाप बोहल्यावर आणि दुपारी लेक, हे आमच्याकडे नेहमीचं आहे.

खोडाळ्याजवळच्या एका पाड्यावरचे देवजीदादा आणि बुधीबाय यांचं असंच होतं, पण ते मला कळलं नंतर. चाळीस वर्षांचा संसार. एकुलती लेक सविता, तिचं जमलेलं. दादांचं आयुष्य वीटभट्टीवर गेलेलं, छातीत ती धूळ बसलेली. डॉक्टरांनी घरच्यांना स्पष्ट सांगितलं होतं की पुढच्या उन्हाळ्याची वाट बघू नका. दादांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. लेकीला हळद लागलेली बघायची. आणि त्याआधी स्वतःला लावून घ्यायची.

नोंदणीचं काम हे लग्न भरवणाऱ्या मंडळाने मला दिलं. फॉर्म हाताने भरलेले, जन्मसाल सगळ्यांचं दोन आकडी. आता नव्याने प्रोग्राम कोण लिहीत बसतो? मी माझा नव्व्याण्णव सालचा हुकमी तुकडा काढला आणि जसाच्या तसा चिकटवला! वर एक सोय केली. अठरा वर्षांखालची नवरी सापडली की तिचं नाव आपोआप वेगळ्या यादीत. बालविवाह होतात आपल्या भागात, खोटं कशाला बोलू? आणि मला ते थांबवणारा शूर माणूस व्हायचं होतं.

बटण दाबलं. यादीत एकच नाव आलं. बुधी.

आता बघा हं. बुधीबायचं जन्मसाल फॉर्मवर बासष्ट. बासष्ट म्हणजे सत्तरच्या खाली. म्हणजे माझ्या लाडक्या तुकड्याने धरलं दोन हजार बासष्ट! बाईंचा जन्म व्हायला अजून छत्तीस वर्षं बाकी! वय उणे छत्तीस! आणि उणे छत्तीस हे अठरापेक्षा कमीच की हो! बाकीच्या नवऱ्या सगळ्या सत्तरनंतर जन्मलेल्या, त्यामुळे ही एकटीच सापडली.

यादीत वयाचा रकाना मी ठेवलाच नव्हता. फॉर्म पुन्हा उघडून बघितला? नाही. पाड्यावर कुणाला फोन केला? अहं. कागद घेतला आणि तडक बालविवाह रोखणाऱ्या मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"खात्री आहे ना मास्तर? उद्या लग्न आहे," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, तारखांच्या बाबतीत मला विचारता? मी शतक बदललंय!"

हे वाक्य मी खरंच बोललो. छाती पुढे काढून बोललो.

पाड्यावर जे घडलं ते मला नंतर मॅडमकडूनच कळलं. जीप थांबली, मॅडम उतरल्या, मागून हवालदार उतरले. दारात सविता तांदूळ निवडत बसलेली.

"बुधी कोण?"

"आय हाय माझी."

"आईचं नाव नाही विचारलं. नवरीचं नाव विचारलं."

"तीच नवरी हाय."

"मग तू कोण?"

"मी पण नवरी हाय."

हवालदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं म्हणे. मॅडम नव्या, तालुक्यात येऊन महिनाही झाला नव्हता. त्यांना वाटलं पोरगी बनवते आहे. त्या आवाज चढवून म्हणाल्या, "हे असलं लग्न गुन्हा आहे, कळतं का? तुरुंगात जाल सगळे!"

हे वाक्य कुडाच्या भिंतीतून आत गेलं. आत देवजीदादा आणि बुधीबाय. त्यांनी आपल्या परीने अर्थ लावला. चाळीस वर्षं लग्नाशिवाय राहिलो, ते आज सरकारला कळलं! झालं, परसदारातून दोघं पसार. नवरानवरी पळून गेल्याचं तुम्ही पुष्कळदा ऐकलं असेल. पण साठीच्या पुढची, आणि तीही लग्नाच्या आदल्या दिवशी? नवरा दर वीस पावलांवर खोकायला थांबणारा?

दुपारी मॅडम माझ्या क्लासात आल्या. वर्गात मुलं बसलेली. त्यांनी बुधीबायच्या आधार कार्डाची प्रत माझ्या कीबोर्डवर आपटली.

"ही बघा तुमची बालवधू!"

मी फोटो बघितला. पांढरे केस, बसलेले गाल. खाली जन्मसाल, पूर्ण चार आकडी. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सत्तावीस वर्षं मी ज्याच्या जिवावर मिरवत होतो, तोच तुकडा!

"मॅडम, तो शाळेसाठी होता हो," मी पुटपुटलो.

"मग तुम्ही जा ना पुन्हा शाळेत!" त्या म्हणाल्या. मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

दुसऱ्या दिवशी खोडाळ्याच्या मांडवात बाकीची सगळी लग्नं लागली. सविता कोऱ्या लुगड्यात एका कडेला बसून होती. आईबाप नाहीत, त्यांचं लग्न नाही, मग हिला हळद कोण लावणार? तिच्या सासरची माणसं ऊन कलेपर्यंत थांबली आणि उठून गेली. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तिने वर बघितलंही नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. घरी आलो तर सुनंदाने ताट वाढलं आणि म्हणाली, "जेवा, आणि त्यांना शोधून आणल्याशिवाय परत या घरात जेवायला बसू नका."

कुणीतरी सांगितलं, बुधीबायचा भाऊ साखरशेतला असतो. मोटरसायकल काढली. अंगणात फोटोतलीच बुधीबाय नागली, म्हणजे आपली नाचणी, पाखडत होती. मला बघून सूप हातातच राहिलं.

"बुधीबाय, देवजीदादा कुठे आहेत?"

"कोन देवजी?"

"अहो, तुमचे... घरचे."

"मी नाय वळखत. मी भावाकडं राहतां. पहिल्यापासून."

चाळीस वर्षांचा संसार बाईने एका वाक्यात पुसून टाकला. मी तिथेच मातीत बसलो आणि म्हणालो, "बुधीबाय, जीप येणार नाही. कुणावर गुन्हा नाही. शप्पथ सांगतो."

ती सूप हलवत राहिली. नागलीत एक खडा उरला नव्हता तरी पाखडत होती. मग माझ्याकडे न बघता तिने हळूच विचारलं, "खोकला वाढला नसंल ना त्याचा?"

मी तोंड फिरवलं. रडू आलं हो मला! त्यात लाज कसली?

मग तिनेच सांगितलं. पळताना दोघांनी ठरवलं होतं. एकत्र सापडलो तर दोघांना धरतील. वेगळं राहिलं तर सरकार काय म्हणणार? म्हणून ती साखरशेतला आणि ते तिकडे वांगणीला, बहिणीकडे. चाळीस वर्षांत एक दिवस जी माणसं वेगळी राहिली नाहीत, ती माझ्यामुळे दोन गावांत जाऊन बसली.

तिला मागे बसवून वांगणीला निघालो. त्या रस्त्याबद्दल काही बोलत नाही, तो रस्ता आहे असं म्हणायलाही धीर लागतो. शेवटचा टप्पा गाडी ढकलत गेलो. दादा बहिणीच्या ओट्यावर गोधडीवर बसले होते. श्वास घरघरत होता. मी लग्नाच्या नोंदणीचा मास्तर, असं म्हणताच त्यांनी दोन्ही हात जोडले.

"मास्तर, आमी आता येगळी राहतो. ही बाय कोन, मी नाय वळखत."

"पुरे झाला," बुधीबाय म्हणाली. "मी पण तसाच सांगितला त्याला. चल आता घरी."

दादांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तिला म्हणाले, "जेवलीस का?"

मी त्यांना सगळं समजावलं. शतक, शून्य शून्य, बासष्ट, सत्तर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. कळलं किती, देव जाणे. त्यांनी एकच विचारलं, "जीप परत नाय ना येनार?" मी नाही म्हटलं, तेव्हा उठले. आमच्या दोघांच्या खांद्यावर हात टाकून गाडीपर्यंत आले.

आठवड्याभरात त्यांच्या अंगणातच लग्न काढलं. सविताच्या सासरी मी स्वतः जाऊन पाया पडलो. त्यांनी मला तासभर उभं ठेवून ऐकवलं आणि मग कबूल केलं. भात सुनंदाने शिजवला. लग्न लावणाऱ्या धवलेरी बाई आल्या, त्यांनी गाणी म्हणत लग्न लावलं. वाजंत्री नव्हती, माणसंही मोजकीच. दादांना उभं राहवत नव्हतं, म्हणून बुधीबायही बसूनच राहिली. आधी त्यांची हळद, मग सविताची. लेकीच्या गालाला हळद लावताना दादांचा हात अर्ध्यातच थकला, तेव्हा सविताने तो धरून स्वतःच गालावर फिरवून घेतला. पोरगी तेव्हा रडली, आणि तेव्हाच, त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा, माझ्याशी बोलली. म्हणाली, "मास्तर, जेवून जा."

देवजीदादांनी पावसाळा काढला नाही. श्रावणात गेले. मी गेलो होतो. बुधीबायने माझ्या हाताला धरून मला आपल्याजवळ बसवून घेतलं, त्याने मला अजूनच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण त्यांच्या लग्नाच्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. हळद लागली, पंगत बसली, आणि दादांनी मला खुणेने जवळ बोलावलं. तोंड पिवळंधमक, डोळे खोल गेलेले. बरेच दिवस मनात काहीतरी घोळवत असावेत.

"मास्तर, खरा सांग. आमी काय गुन्हा केला व्हता?"

"नाही हो दादा. काहीच नाही."

"हिनं?"

"त्यांनीही नाही."

"त्या जीपवाल्या बायनं?"

"नाही. त्यांना मीच कागद दिला होता."

"मंग गुन्हा केला कोनी?"

सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली. सुनंदा हातातली पळी तशीच धरून उभी. आता लपवणार तरी किती?

"मी, दादा. चूक सगळी माझी."

दादांनी मान डोलावली. खोकल्याची एक उबळ आली, ती जाऊ दिली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं,

"मंग तू का नाय पळालास?"