मुळे बाईंच्या हातातला ब्रेक

पहिल्यांदा जाणवलं ते कॉलेजच्या गेटसमोरच्या स्पीडब्रेकरवर. ब्रेक दाबला तर पाय रोजच्यापेक्षा जास्तच खाली गेला, उशीवर ठेवल्यासारखा. गाडी थांबली, पण मी दचकले. तशी मी कुकरच्या शिट्टीलाही दचकते, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. आमच्या गाडीचे किस्से असेच साठत गेलेत. एक सांगायला घेतला की मागून दुसरा येतो, आणि प्रत्येकात मान खाली घालायची पाळी माझीच!

गाडी आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. जुन्नरहून घोडेगावच्या कॉलेजपर्यंत मी चालवते. शेजारी आमच्या ग्रंथपाल मुळे बाई, मागे ऑफिसातली सुवर्णा. चावी देताना आबांनी एकच अट घातली होती. "गाडीला कायबी झालं तर पयला फोन मला. लपवलंस तर चावी माज्याकडं, आन तू यष्टीत." यष्टी चुकली की माझं पहिलं लेक्चर बुडतं. आणि तासिकेवर शिकवणारीचं लेक्चर वरचेवर बुडलं, की पुढच्या वर्षी तिला कोण बोलावतंय?

म्हणून मी आबांना काहीच बोलले नाही.

*

स्टाफरूममध्ये सहज विचारल्यासारखं विचारलं. फिजिक्सचे सर खुलले. ब्रेक ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, तेव्हा पेडल मऊ लागतं म्हणजे पाइपात हवा शिरली आहे, हे त्यांनी बशीत चहा ओतून समजावलं. मला अगदी पटलं. मी विचारलं, मग आता काय करायचं?

"ते मला नाही माहीत," सर म्हणाले. "माझ्याकडे स्कूटर आहे."

*

जुन्नरात आमचे मेकॅनिक युनूसचाचा. परतताना मुळे बाईंसकट गाडी त्यांच्याकडे नेली. त्यांनी पेडल दाबलं, ते खाली गेलं. लागोपाठ दोन-तीनदा मारलं, तसं घट्ट झालं. "हवाच हाय," ते म्हणाले.

हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकापाशी नट ढिला करून हवा बाहेर सोडायची आणि नट परत आवळायचा. त्याआधी पाय उचलला तर हवा पुन्हा आत. आत मी बसले. चाचांनी बजावलं, मी म्हणेपर्यंत पाय काढायचा न्हाई.

पहिल्या चाकाला बाहेर टेम्पोनं हॉर्न दिला. माझा पाय वर. दुसऱ्याला पाना पडला. पाय वर. तिसऱ्याला तर खुद्द चाचाच शिंकले.

ते गाडीखालून सरकत बाहेर आले आणि हळूच म्हणाले, "ताई, तुमी वाईच भाईर या. बाईंना बसवा."

मुळे बाईंनी आत बसून पुस्तक उघडलं आणि पेडल दाबून धरलं. चारही चाकं झाली. चाचा हात धुऊन चहाही प्यायले. बाईंचा पाय तसाच, कारण सोडा असं त्यांना कुणी म्हटलंच नव्हतं!

*

पेडल दगडासारखं घट्ट झालं. पुन्हा मऊ लागलं तर कुठून तरी गळतंय, लगेच आणा, असं चाचांनी सांगितलं होतं. आठवड्याच्या आत ते मऊ झालं. मला वाटलं, माझ्याच पायानं घेतलेली हवा उरली असणार. कुठल्या तोंडानं जायचं परत? मी आपली प्रत्येक वळणावर पेडल तीनतीनदा मारू लागले. सुवर्णानं काळजीनं विचारलं, मॅडम, पायाला मुंग्या येतात का?

मुळे बाईंनी पर्स मागे टाकली आणि हँडब्रेकवर हात ठेवला. "तू नुसतं बाई म्हण. मी ओढते."

असे आम्ही कितीतरी स्पीडब्रेकर पार केले. एकदा भर बाजारात मी म्हणाले, "बाई, साडी छान आहे."

मागच्या रिक्षावाल्यानं आमचा जो उद्धार केला, तो इथं लिहिण्यासारखा नाही.

*

शुक्रवारी कॉलेज लवकर सुटलं. जुन्नरकडे घाट उतरताना पेडल दाबलं आणि ते सरळ तळाला टेकलं. पुन्हा मारलं. काहीच नाही. बाई म्हणायला माझ्या तोंडून आवाजसुद्धा फुटला नाही, पण त्यांनी ओढला होता. मी पहिला गिअर टाकला आणि गाडी डोंगराच्या बाजूला घातली. मातीत घासत घासत ती थांबली. सुवर्णानं उतरून चाकाला दगड लावला. मुळे बाई दोन्ही हातांनी हँडब्रेक धरून, डोळे मिटून बसलेल्या.

मागच्या डाव्या चाकाच्या आतून तेलाचा ओघळ आला होता. म्हणजे गळत होतं ते इथून. माझ्या पायाचा दोष नव्हता. हायसं वाटायला हवं होतं, पण उलट जास्तच लाज वाटली. नुसती लाजत बसले नसते आणि गाडी चाचांकडे नेली असती, तर या दोघी आज इथं अडकल्या नसत्या.

चाचांना फोन लावला. नमाजाची वेळ, फोन बंद. पुण्यात भावाला लावला. त्यानं कट केला. तेवढ्यात जुन्नरला निघालेली एक जीप शेजारी थांबली. "काय झालं, ताई?" ड्रायव्हरनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "फोटो काढतोय."

त्यानं एकदा मुळे बाईंकडे बघितलं, एकदा आबांच्या नंबरप्लेटकडे, आणि निघून गेला. सुवर्णा माझ्याकडे बघतच राहिली. अर्ध्या तासानं बाई डोळे न उघडता म्हणाल्या, "माझे हात भरून आलेत गं. आता लाव त्यांना."

आबांना लावला. पूर्ण वाजून बंद पडला. पुन्हा लावला. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा उचलला. पलीकडून जीपच्या इंजिनाचा आवाज येत होता.

"आलं का फोटू नीट?" आबांनी विचारलं.