नवीकोरी पडकी कमान

भिंतीला तडा गेलेला दिसला की अरुणकुमार देवऱ्यांना कुणी तोंडावर शिवी दिल्यासारखं वाटायचं. मूळचे नाशिकचे, दोह्यात फिनिशिंग सुपरवायझर. दुसऱ्यांनी बांधलेल्या भिंती मालकाच्या ताब्यात जाण्याआधी निर्दोष करायच्या, हे त्यांचं काम. सत्यनारायणाला गेला तरी हा गृहस्थ तीर्थ घेण्याआधी यजमानाच्या भिंतीवर टिचक्या मारायचा आणि सांगायचा, "पोकळ वाजतंय, प्लास्टर सुटणार." यजमान मग प्रसाद जरा हात राखूनच वाढायचे.

अशा माणसाच्या वाट्याला अल रय्यानमधल्या एका बंगल्याच्या बागेत पडकी कमान बांधायचं काम आलं.

डिझायनर मालविका पुण्याची. तिनं टॅबवर एक जुनं युरोपियन चित्र दाखवलं: संध्याकाळचा उजेड, मोडका मठ, अर्धी कोसळलेली कमान आणि खाली मुंगीएवढा माणूस.

"काका, मालकांना हे हवंय."

"मूळची कमान कुठाय?"

"नाहीये. पडकीच बांधायची. दोनशे वर्षांपूर्वी तिकडचे चित्रकार असे भग्नावशेष रंगवायचे. श्रीमंत लोक तर बागेत मुद्दाम बांधून घ्यायचे."

"मग त्यांच्या सुपरवायझरनं काय केलं? विहिरीत उडी?"

मदिनत खलीफातल्या घरी जेवताना त्यांचा पट्टा चालूच होता. "उभ्या जन्मात एक वाकडी कड सोडली नाही मी. आता म्हणे भेगा पाडा. त्यासुद्धा सुंदर."

"पोळी घ्या," त्यांच्या पत्नी अनुजाताई म्हणाल्या. "ती धड आहे."

तेवढ्यात आर्यानं बापाच्या मोबाइलवरचं चित्र पाहिलं. लेकीला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं. आणि बापाच्या कामाबद्दल तर आजवर कुठल्याच भाषेत आलं नव्हतं. "बाबा, यू आर मेकिंग धिस?" ती म्हणाली. कला महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी तिला चित्रं द्यायची होती. "कॅन आय कम अँड ड्रॉ इट?"

देवऱ्यांनी घास तसाच गिळला. "शुक्रवारी नेतो," म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते चिडूनच, पण जीव ओतून कामाला लागले. प्रत्येक भेग स्वतःच्या हातानं पाडली. दगडांना चहाचं पाणी पाजून जुनं केलं. कुणी जवळ फिरकलं तर अंगावर जायचे. गुरुवारी त्यांना मेसईदच्या साईटवर बोलावणं आलं, तेव्हा कमान अशी उभी होती की बघणाऱ्याला उगाच कुणाची तरी आठवण यावी.

शुक्रवारी सकाळी आर्याला घेऊन ते बागेत शिरले आणि जागच्या जागी थिजले.

कमान दुरुस्त झाली होती. भेगा बुजल्या होत्या, तुटक्या कडा ओळंब्यात आल्या होत्या, वर पांढरा रंग. बाजूला मिस्त्री बशीर पुट्टीचं घमेलं धूत होता, बक्षिसाची वाट बघणाऱ्या चेहऱ्यानं.

"ये क्या किया, बशीर?"

"फिनिशिंग, साब. कल हँडओव्हर है ना. आप मेसईद में थे, तो लडकों को लेके रात में खलास कर दिया."

"किसने बोला था?"

"आपने," बशीर गोंधळून म्हणाला. "हमेशा बोलते हो, हँडओव्हर से पहले एक भी क्रॅक दिखा तो मुझे शकल मत दिखाना."

देवऱ्यांकडे ओरडायला शब्द पुष्कळ होते, पण सगळे त्यांचेच, आणि ते पाठ करून बसलेला समोर उभा. त्यांनी कमानीवरून बोट फिरवलं. काम अव्वल होतं. त्याचा तर जास्तच संताप आला. आर्या वही छातीशी धरून बघत होती. ती आता "इट्स ओके" म्हणेल आणि मोबाइलमध्ये डोकं घालेल, या धास्तीनं त्यांनी हातोडा उचलला.

पहिला घाव बसला. तुकडा निघाला तो सुरीनं कापल्यासारखा सरळ. दुसरा त्याच्या रेषेत.

"बाबा, टू नीट," मागून आर्या म्हणाली.

"गप बस. हात ऐकत नाहीये."

त्यांनी डोळे मिटून घाव घातला. वरचा कोपरा धाडकन ढासळला आणि देवरे धुळीत पांढरे झाले. बशीर धावला. मागे पेन्सिल खरखरायला लागली होती.

"बाबा, तिथंच उभा राहा," आर्या म्हणाली. मराठीत.

"कशाला?"

"चित्रात खाली एक छोटा माणूस लागतो ना."

"हातोडा खाली ठेवू?"

"नको. आणि चेहरा तसाच रागीट ठेव."

ती सूचना अनावश्यक होती.